गरम झाली की किक न घेणारी स्प्लेंडर : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५

गाडी: हिरो होंडा स्प्लेंडर, २००४ ची, ९७.२ सीसी, कार्ब्युरेटरवाली. सेल नाही, फक्त किक. मालक आमचे आप्पा, म्हणजे धाकटे चुलते. काम: वाईहून दुधाचे कॅन लावून पसरणी घाट चढायचा, पाचगणीत हॉटेलांना दूध घालायचं आणि परत खाली. सकाळी एक फेरी, दुपारी चारच्या सुमारास दुसरी.

तक्रार आप्पांच्या शब्दांत: "सकाळी अर्ध्या किकला घेती. घाटात कुठं मिसिंग न्हाई. वर जाऊन बंद केली, दूध मोजून दिलं, की मेली. मग अर्धा-पाऊण तास हात लावायचा न्हाई." सकाळच्या फेरीला कधी कधी होतं, दुपारच्या फेरीला हमखास. पावसाळ्यात आणि थंडीत तक्रार नव्हती, मार्चपासून सुरू झाली.

आतापर्यंत दोन गॅरेजमध्ये झालेली कामं: नवा प्लग, कार्ब्युरेटर साफ, सीडीआय (ठिणगी वेळेवर सोडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) बदलला, एचटी कॉइल (प्लगला मोठा व्होल्टेज देणारी) बदलली. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजला पोचेपर्यंत गार झालेली, मिस्त्रीनं किक मारली की चालू, आणि "आता बघा, झाली" म्हणून बिल हातात. मिस्त्रीला दोष देत नाही. त्याच्यासमोर गाडीला काही झालेलंच नव्हतं, मग तो नीट काय करणार? अंदाजानं पार्ट बदलत गेला.

आणखी एक गोष्ट आप्पा सहज बोलून गेले, ती मी अधोरेखित करून ठेवतोय. वर बंद पडलेली गाडी किकला दाद देत नाही, पण उतारावर सोडून दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की बहुतेक वेळा घेते.

ठरवलं ते असं: गाडी गरम असताना, बंद पडल्या जागी तपासल्याशिवाय एकही नवा पार्ट घ्यायचा नाही.

१३ एप्रिल

कागदावर आधी मांडणी. इंजिन चालू व्हायला कॉम्प्रेशन, पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण आणि वेळेवर करंट, म्हणजे प्लगवर ठिणगी, लागतो. गार असताना तिन्ही आहेत. गरम झाल्यावर यांतलं एक नाहीसं होतं. कुठलं, एवढंच शोधायचंय.

गरम असताना काय काय बिघडू शकतं?

कॉम्प्रेशन: टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) घट्ट असेल तर गार इंजिनात व्हॉल्व्ह जेमतेम बसतो. तापला की त्याची दांडी लांबते आणि तो सीटवरून केसभर उचललेला राहतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून तो आधी संशयित.

पेट्रोल: पाण्यासारखा पेट्रोलचा एकच उत्कलनबिंदू नसतो. हलका भाग ४० अंशांच्याही खाली उडायला लागतो, जड भाग २०० अंशांच्या आसपास. त्यात आता २० टक्के इथेनॉल, जे ७८ अंशांना उकळतं. कार्ब्युरेटर तापला तर फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळून मिश्रण एकतर फार घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं (गाडी ओव्हर होते) किंवा वाटीच रिकामी पडते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तरी पेट्रोल उतरत नाही, आणि ती तक्रारही "थोडं चालवल्यावर बंद" अशीच असते.

करंट: मॅग्नेटमागची (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकामागची) कॉइल, पल्सर (ठिणगीची वेळ सांगणारी छोटी कॉइल), सीडीआय, एचटी कॉइल, प्लग-कॅप, किल्लीच्या लॉकची वायर. यांतलं काहीही गरम झाल्यावर दगा देऊ शकतं.

लोकांचा एक समज असतो की चालत्या गाडीचं इंजिन सगळ्यात गरम. इंजिनच्या आतल्या पोटासाठी ते खरं आहे. पण आजूबाजूच्या भागांसाठी उलटं आहे. चालताना वारा लागतो, ऑइल फिरतं, कार्ब्युरेटरमधून गार पेट्रोल वाहतं. बंद केली की हे सगळं एकदम थांबतं, आणि हेडमधली उष्णता सावकाश बाहेर, कार्ब्युरेटरकडे आणि साईड कव्हरकडे झिरपते. म्हणजे कार्ब्युरेटर आणि मॅग्नेटची बाजू सगळ्यात तापलेली असते ती बंद केल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांनी. आप्पांचं दूध मोजून होतं नेमकं तेव्हाच.

सोबत न्यायची पिशवी: मल्टिमीटर, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), प्लग पाना, एक जुना पण चांगला प्लग (करंट बघायला), स्क्रू ड्रायव्हर, पारदर्शक बाटली, फडकी, पाण्याचा कॅन, तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक. ही बंदूक चकचकीत अॅल्युमिनियमवर खोटं बोलते, चकाकीमुळे तापमान खूप कमी दाखवते. म्हणून हेडवर, कार्ब्युरेटरच्या वाटीवर आणि मॅग्नेट कव्हरवर काळ्या टेपचे तुकडे चिकटवले. मोजायचं ते टेपवर.

१६ एप्रिल

रात्रभर गार झालेल्या गाडीची तपासणी.

एअर फिल्टर ठीक. प्लगचा रंग विटकरी, गॅप ०.६५ मिमी, म्हणजे बरोबर. पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडली, धार सलग. झाकण घट्ट लावून पाच मिनिटं तशीच वाहू दिली, धार बारीक झाली नाही. म्हणजे झाकणाचं भोक मोकळं.

टॅपेट: मॅग्नेट खिडकीतून टी खुणेवर (पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण) आणून दोन्ही रॉकर सैल आहेत याची खात्री केली. या इंजिनला दोन्ही बाजूंना ०.०५ मिमी लागतं, तेही गार असतानाच. इनटेकला पट्टी बेताच्या घासणीनं सरकली. एक्झॉस्टला शिरलीच नाही. रॉकर हातानं हलवला तर जेमतेम टिक. सेट केलं, लॉकनट आवळून पुन्हा मोजलं, कारण नट आवळताना स्क्रू फिरतोच.

आता इथं थांबून "सापडलं" म्हणायचा मोह होतो. घट्ट एक्झॉस्ट टॅपेट म्हणजे गरम असताना किक न घेण्याचं पाठ्यपुस्तकी कारण. पण मग उतारावर का घेते? व्हॉल्व्ह किंचित उघडा असला तरी इंजिन जोरात फिरलं की दाब गळायला वेळ मिळत नाही, असं म्हणता येईल. पटण्यासारखं आहे. ताडून बघू.

ओळखीच्या एकाकडून १० मिमी आट्याचा कॉम्प्रेशन गेज आणला. थ्रॉटल पूर्ण उघडून, सुई थांबेपर्यंत किक मारून गार इंजिनला १६५ पीएसआय. गेज पिशवीत टाकला.

२० एप्रिल

दुपारच्या फेरीला आप्पांच्या मागे माझी गाडी. रविवार, घाटात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग, वळणावळणावर कुणी ना कुणी फोटो काढतंय. वाई ते पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण साधारण ६०० मीटर चढ, त्यात दुधाचं वजन आणि रांगेमुळे बराचसा घाट दुसऱ्या गिअरवर. इंजिन तापवायचं म्हटलं तर याहून चांगली जागा नाही.

वर पोचलो. आप्पांनी नेहमीच्या हॉटेलामागं गाडी बंद केली. टेपवरचं तापमान, बंद करताच: हेड १३८, मॅग्नेट कव्हर ७१, कार्ब्युरेटरची वाटी ४३. दहा मिनिटांनी: हेड ११२, मॅग्नेट कव्हर ८८, वाटी ५७. हेड उतरलं, बाकीचे दोन्ही चढले.

किक. काही नाही. पुन्हा किक. थोबाड फिरवून बसली.

आप्पा: "आता कर तुझं काय ते. मला तवर चहा सांगतो."

क्रम ठरलेला होता. आधी प्लग काढला. हात भाजतो, जाड फडकं घेऊनच. प्लग ओलसर, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल पोचतंय. वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून बाटलीत घेतलं तर चांगलं पाव कप पेट्रोल आलं, बुडबुडे नाहीत. पेट्रोल बाद.

प्लगच्या जागी गेज. १६० पीएसआय. गार असतानापेक्षा ५ कमी, एवढं चालतं. कॉम्प्रेशनही बाद. टॅपेट घट्ट होतं हे खरं, ते सैल केलं हेही बरं झालं, पण ही तक्रार त्याची नव्हती.

उरला करंट. गेज काढून भोकात फडकं कोंबलं, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि शेजारी ठिणगी पाडायची आहे. जुना प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या फिनला घट्ट टेकवून ठेवला. सीडीआयच्या गाडीत प्लग-कॅप मोकळी लोंबत ठेवून किक मारू नये, मोठा व्होल्टेज कुठंतरी वाट शोधतो आणि सीडीआय किंवा कॉइलचं इन्सुलेशन फोडतो. आप्पांनी किक मारली, मी दोन्ही हातांनी सावली धरून बघत होतो. काहीच नाही. पुढच्या किकला एक नारिंगी, केसासारखी बारीक ठिणगी. मग पुन्हा काही नाही.

प्लग बसवला, चहा घेतला. पाऊण तासानं मॅग्नेट कव्हर ५० च्या खाली आलं तेव्हा तोच प्लग पुन्हा टेकवून बघितला. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी, प्रत्येक किकला. गाडी पहिल्या किकला सुरू.

म्हणजे घरी जाऊन उरलेल्या पाच-सहा संशयितांची यादी करायची.

२३ एप्रिल

या गाडीची इग्निशन बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेटमागच्या कॉइल प्लेटवर एक वेगळी कॉइल असते, तिला आमच्याकडं सोर्स कॉइल म्हणतात. ती थेट सीडीआयला वीज देते आणि सीडीआयमधला कपॅसिटर शंभरच्या पुढं कितीतरी व्होल्टपर्यंत भरतो. पल्सरनं इशारा दिला की तो कपॅसिटर एकदम एचटी कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. बॅटरी मेली तरी गाडी चालू होते ती यामुळंच.

उतारावर का घेते याचं उत्तरही इथंच दडलंय. सोर्स कॉइलचा व्होल्टेज मॅग्नेट किती वेगानं फिरतो त्यावर ठरतो. किकला इंजिन काहीशे आरपीएमनं, तेही क्षणभर फिरतं. या यंत्रणेतला सगळ्यात अशक्त क्षण तोच. चालत्या गाडीत वेग कितीतरी जास्त, त्यामुळं अर्धमेली कॉइलसुद्धा काम भागवते आणि घाटात एकदाही मिसिंग जाणवत नाही. उतारावर सोडली की तेच. "चालताना मक्खन आहे म्हणजे करंट ठीक आहे" हे गॅरेजमध्ये ऐकलेलं वाक्य या प्रकारात फसवं आहे.

पण हा अजून तर्क आहे. लॉकची वायरसुद्धा असं करू शकते. अशा, म्हणजे बॅटरीऐवजी मॅग्नेटच्या विजेवर चालणाऱ्या, एसी सीडीआयमध्ये लॉक बंद केलं की काळी-पांढरी वायर अर्थ होते आणि करंट मरतो. हीच वायर हँडलच्या मानेपाशी घासून, तापल्यावर कुठं बॉडीला टेकत असेल तर लॉक चालू असूनही गाडी बंदच राहील.

२७ एप्रिल

पुन्हा पाचगणी, पुन्हा तोच खेळ, पुन्हा बंद. आज एकेक नाव खोडायचं.

काळी-पांढरी वायर सीडीआयपासून सोडवली. किक. करंट नाही. लॉक आणि त्याची वायर संशयितांच्या यादीतून सुटली. (हा प्रयोग कुणी केला आणि गाडी चालू झालीच, तर किल्लीनं बंद होणार नाही हे लक्षात ठेवा. ब्रेक दाबून, गिअरमध्ये घालून क्लच सोडायचा.)

माझ्या स्वतःच्या गाडीचा सीडीआय काढून लावला, तो गार आणि खात्रीचा. करंट नाही. सीडीआय सुटला, आणि गॅरेजनं बदललेला जुना सीडीआयसुद्धा बहुधा चांगला होता. तो आता कुठल्या भंगारात असेल कोण जाणे.

प्लग-कॅप मोजली, ५ किलो-ओहम. ठीक. एचटी कॉइलवर ओलं फडकं धरून पाच मिनिटं गार केली. करंट नाही.

आता मॅग्नेट कव्हर. ओलं फडकं पिळून नुसतं कव्हरवर ठेवलं. हेडवर किंवा ब्लॉकवर पाणी ओतायचं नाही, तापलेल्या धातूवर एकदम पाणी पडलं तर चीर जाऊ शकते. फडकं लगेच कोमट झालं, पुन्हा बुडवून ठेवलं, असं चालू ठेवलं. हॉटेलातला एक पोरगा कॅन धुता धुता थांबून बघत होता. त्यानं विचारलं, "काका, ताप आलाय का गाडीला?" आप्पा हसले, मी नाही, कारण तेवढ्यात टेपवर ६१ दिसलं होतं. आप्पांनी किक मारली आणि जुन्या प्लगवर निळी ठिणगी पडली. हेड अजून ९० च्या वर, एचटी कॉइल उन्हात, सीडीआय दुसराच. फक्त मॅग्नेटची बाजू गार केली होती.

प्लग बसवून गाडी पहिल्या किकला सुरू झाली. आप्पांनी फडकं घडी करून हँडलला बांधलं. म्हणाले, "मग आता रोज हेच करतो की." त्यांना कार्यक्रम इथंच संपवायचा होता.

२९ एप्रिल

मधली नोंद, या गाडीची नाही. शेजारच्या वाड्यातल्या एकांची जुनी, पॉइंटवाली (सीडीआयऐवजी उघडझाप करणाऱ्या यांत्रिक स्विचनं ठिणगी पाडणारी) बुलेट, ३५० ची. तक्रार ऐकायला हुबेहूब हीच: गार असताना चालू, तापल्यावर हट्टीपणा. ते म्हणाले, तुमच्या गाडीचं सापडलं तर आमचीही कॉइल बदलू. म्हटलं, थांबा. तिची इग्निशन बॅटरीवरची, त्यात मॅग्नेटच्या सोर्स कॉइलचा संबंधच नाही. पॉइंटचं झाकण उघडून गरम असताना अंधारात किक मारायला लावली. पॉइंटच्या फटीत मोठी पिवळी ठिणगी दिसली, टोकं काळी पडलेली. पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर गरम झाल्यावर काम सोडत होता, त्यामुळं ठिणगी प्लगवर पडायची ती पॉइंटवरच जळत होती. कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून गॅप ०.३८ केला. विषय संपला. मोजून अर्धा तास.

इंजेक्शनवाल्या नव्या गाड्यांत कारणं आणखी वेगळी असतात, पंप, तापमानाचा सेन्सर, रेलमध्ये झालेली वाफ. आमच्याकडं एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्या तशाच. त्यात मी हात घालत नाही.

१ मे

सुट्टी. कॉइल न उघडता कनेक्टरवरूनच मोजली. काळी-लाल वायर ते हिरवी (अर्थ), म्हणजे सोर्स कॉइल: २९ अंशांना २१२ ओहम. पल्सर: ११८ ओहम. दोन्ही आकडे बघून कुठलाही मिस्त्री "ओके" म्हणेल, आणि त्या क्षणी ते ओकेच आहेत.

आता गरम असताना काय अपेक्षित आहे ते आधीच काढून ठेवलं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २९ वरून ८८ अंश, म्हणजे ५९ अंशांची वाढ, म्हणजे साधारण २३ टक्के. सोर्स कॉइल २६१ च्या आसपास जायला हवी, पल्सर १४५. हे आधी लिहून ठेवायचं कारण असं की गरम कॉइलचा आकडा वाढलेला बघून लोक तिला खराब ठरवतात. वाढायलाच हवा, तेवढाच वाढला तर कॉइल निरोगी. त्याहून बराच कमी निघाला तर वेटोळी आतल्या आत एकमेकांना चिकटून शॉर्ट झालेली. आकडा उड्या मारत असेल तर कुठंतरी तार तुटलेली.

दुपारी वजन न घेता गाडी घाटात नेली, मुद्दाम रेस देत वर-खाली केली आणि बंद करून कनेक्टर सोडला. दहा मिनिटांनी पल्सर १४४. सोर्स कॉइल: २६६, २७१, मग मीटरवर काहीच नाही, मग ९०० च्या पुढं, मग पुन्हा काहीच नाही. किक हातानं हळू दाबली तेवढ्या हादऱ्यानं आकडा परत आला आणि गेला.

पल्सरनं गणित बरोबर असल्याचं दाखवलं, सोर्स कॉइलनं आपला आजार. आता उघडायला हरकत नाही.

३ मे

गिअरची दांडी, कव्हर, मधला नट, आणि मग मॅग्नेट पुलर. हातोडी मारून मॅग्नेट काढणारे बघितलेत. त्यानं मॅग्नेटमधले चुंबक सुटतात किंवा क्रँकचं टोक मार खातं, आणि मग कॉइल बरोबर असूनही गाडी रडते. पुलर भाड्यानं मिळतो, नाहीतर कुठल्याही गॅरेजवाल्याकडून चहावर.

मॅग्नेट निघाला तसं कळलं की कॉइल प्लेट अस्सल नाही. मध्ये कधीतरी कुणीतरी बाजारातली स्वस्तातली बसवलेली. आप्पांना आठवलं: चार-पाच वर्षांपूर्वी लाइट लागत नव्हता तेव्हा "आतलं काहीतरी" बदललं होतं. सोर्स कॉइलवरचं वॉर्निश जागोजाग तपकिरी, आणि तारेचं टोक जिथं काळ्या-लाल वायरला सोल्डर केलंय तिथं सोल्डर राखाडी, दाणेदार, चमक नसलेलं. असं कोरडं सोल्डर बघितलं की बोट तिथंच जातं.

प्लेट टेबलावर ठेवून मीटर लावला आणि हेअर ड्रायर. (बायकोचा आहे. परत जागेवर ठेवला, विचारलं नव्हतं.) ७० अंशांपर्यंत आकडा गणितानं वाढत गेला. ७५ च्या पुढं उड्या. सोल्डरच्या जागी लाकडी काडीनं हलकेच दाबलं की परत येतो, सोडलं की जातो. जागा सापडली असं वाटलं.

सोल्डर काढून, तार खरवडून, पुन्हा नीट सोल्डर केलं. परत ड्रायर. आता ८२ पर्यंत स्थिर, मग पुन्हा उडी, आणि या वेळी काडी लावून काही फरक पडेना. म्हणजे सोल्डरखेरीज आत वेटोळ्यातही कुठंतरी तार तुटलेली आहे, जी तापून प्लास्टिकचा साचा फुगला की फाकते आणि गार झाला की टेकते. ही दुरुस्त होत नाही.

रिवाइंडिंग करून घ्यावं का? आमच्या भागात मोटार रिवाइंड करणारे चांगले कारागीर आहेत, विहिरीवरच्या पंपांमुळं त्यांचा हात बसलेला असतो. पण पंपाची तार जाड आणि ही केसाएवढी. तार ताणून गुंडाळली गेली किंवा वॉर्निश कमी तापमानाचं वापरलं तर वर्षभरात पुन्हा इथंच येणार. त्यात आप्पांची गाडी रोज घाट चढणारी. अस्सल प्लेटच आणायची. महाग आहे, पण आतापर्यंत विनाकारण बदललेल्या सीडीआय आणि एचटी कॉइलची बेरीज केली तर तीही काही कमी होत नाही. आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बेरीज नको सांगू, घेऊन ये."

प्लेटमागं क्रँकच्या ऑइल सीलमधून बारीक पाझर होता, कॉइलवर तेलाची चिकट पुटं चढलेली. सील आणि प्लेटची रबरी रिंगही यादीत.

१० मे

नवी प्लेट आली. बसवण्याआधीच मोजली आणि ड्रायरखाली ९० अंशांपर्यंत नेली. आकडा सरळ रेषेत चढला, सरळ रेषेत उतरला. नव्या पार्टाची ही परीक्षा बसवण्याआधी घ्यावी, नाहीतर बिघाड नव्याचा की जुन्याचा यात पुन्हा आठवडा जातो.

सील, रिंग, प्लेट, मॅग्नेट. क्रँकवरची चावी (मॅग्नेटला जागेवर धरणारी छोटी खिट्टी) जागेवर आहे ना ते दोनदा बघितलं, ती निसटली तर टायमिंगच फिरतं. वायरिंग मॅग्नेटला घासणार नाही अशी क्लिपमध्ये बसवली. कनेक्टरच्या हिरव्या पडलेल्या पिना घासून साफ केल्या. आयडलिंग गरम इंजिनवर १४०० ला सेट केलं. ते आधी फार खाली होतं, कारण कुणीतरी पेट्रोल वाचवायच्या नादात उतरवलेलं.

११ मे

दुपारची फेरी, वजनासकट. वर पोचल्यावर मॅग्नेट कव्हर ८६, म्हणजे तेवढंच गरम, आज कुठलीही सवलत नाही. दहा मिनिटं थांबलो. किक, चालू. बंद केली, पुन्हा पाच मिनिटं, किक, चालू. पंधरा मिनिटं उन्हात उभी करून पुन्हा. चालू. कनेक्टरवर सोर्स कॉइलचा गरम आकडा घेतला, गणिताशी जुळतो. काळ्या टेपचे तुकडे राहू दिलेत.

१८ मे

आप्पांचा फोन. "कालपासून गरम झाली की दोन-तीन किक घेती. तुझी कॉइल पण गेली वाटतं."

संध्याकाळी बघितलं. करंट निळा, जोरदार. प्लग काळा, ओला.

"आप्पा, वर चालू करताना चोक ओढता का?"

"ओढतो की. आधी घेत नव्हती म्हणून सवय लागली."

गरम इंजिनला चोक म्हणजे आधीच घट्ट असलेल्या मिश्रणात आणखी पेट्रोल. त्यांना सांगितलं: गरम असताना चोक अजिबात नाही, आणि ओव्हर झालीच तर चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून किक मारायची, म्हणजे साठलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. त्यांना थ्रॉटल उघडून किक मारणं पटत नाही, "इंजिन किंचाळतं". चालू झाली की लगेच सोडा म्हटलं. प्लग साफ करून दिला.

२६ मे

यंदा पाऊस फार लवकर. मेच्या उत्तरार्धात धो-धो सुरू झालाय, आज मान्सून मुंबईतही पोचला. पसरणी घाटात धुकं, मॅग्नेट कव्हर ५५ च्या वर जाईना. या हवेत जुन्या कॉइलवरसुद्धा गाडी चालू झाली असती, म्हणून याच्या पुढच्या फेऱ्या पुरावा म्हणून धरत नाही. ११ ते १९ मेपर्यंतच्या उन्हातल्या फेऱ्या मात्र धरल्यात, त्यांत चोकचा तो एक प्रकार सोडला तर तक्रार नाही.

जुनी प्लेट टाकलेली नाही. तिच्यावर लेबल लावून ठेवलंय: "गार २१२, ७५ च्या वर तुटते." गावातल्या एका पोराला कॉइल तपासायला शिकायचंय, त्याला हीच देणार, मीटर आणि ड्रायर घेऊन बस म्हणून.

पुढचं काम: आप्पांच्या गाडीचा चेनसेट. घाटात तिसऱ्या गिअरला आवाज करतोय, आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेत. त्याची वेगळी वही.